भागूच्या काळजाचे मार्क

कुनी मला भित्री म्हनलं तर मी त्याचं थोबाड फोडीन. उसाच्या फडात माझ्या पायावरून साप गेलाय, तरी हातातला कोयता थांबला न्हाई. रंगनाथ मुकादमाला भर टोळीत शिव्या घातल्यात मी, आन् त्यानं मान खाली घालून ऐकून घेतल्यात. पन नगरच्या त्या दवाखान्यात, सुनंच्या आपरेशनच्या आदल्या दिवशी, माझं पाय असं लटलटा कापाय लागलं की भिताड धरून खाली बसावं लागलं. आता सांगतेच सगळं, फक्त मधी मधी तोंड घालू नका.

सून म्हंजे भागूबाई, आमच्या आसारामची बायको. अंगानं काडी, पन कामाला वाघ. आमी पाथर्डीकडची मानसं. आमच्याकडं पावसाचा भरवसा न्हाई, म्हनून दसरा झाला की गाड्या जुपायच्या आन् परवरा नदीकडं साखर कारखान्यावर ऊस तोडायला जायचं, ते पार उन्हाळ्यात माघारी. आसाराम आन् भागू ऊस तोडायचे, मी वाढं, म्हंजे उसाचे हिरवे शेंडे बांधायची, आमच्या पाचटाच्या झोपडीत, कोपीवर, भाकरी थापायची. भागू मोळी डोक्यावर घेऊन गाडीवर अशी चढायची की बाकीच्या बाया बगत राह्यच्या.

मंग तिला दम लागाय लागला. आधी मोळी उचलताना, मंग भाकरी थापताना, मंग नुसतं बोलताना. दुष्काळ सरला त्याच्या दुसऱ्या साली तर तिचं व्होट निळंजांभळं दिसाय लागलं. तालुक्याच्या डाक्टरानं छातीला नळी लावून लई यळ ऐकलं आन् म्हनला, नगरला न्या. नगरला फोटो काढला, कागदाच्या पट्टीवर काळजाच्या रेघा काढल्या, आन् सांगितलं की ल्हानपनी हिला सांधं सुजून ताप आल्ता त्यानं काळजाची झडप चिकटलीय. रगत पुढं जायला वाट न्हाई. छाती उघडायची, काळजात बोट घालायचं आन् झडप मोकळी करायची. मी इचारलं, काळजात बोट? तर व्हय म्हनले. आसाराम तर तितंच उकिडवा बसला. मी म्हनलं, ऊठ गाढवा, तुझ्या काळजात न्हाई घालायचं.

असं म्हनले खरी, पन दारापतूर गेल्यावर मी माघारी फिरून डाक्टराला पुन्हा इचारलं, काळजातच का?

आपरेशन करनारे मोठे डाक्टर पुन्याहून यायचे. त्यांच्या हाताखाली विजयमाला नावाची एक डाक्टरीनबाई हुती, तरनी, बारीक चष्म्याची. ती येनाऱ्या परतेक पेशंटापाशी स्टूल घेऊन बसायची आन् खोदून खोदून इचारायची. झोपताना दम लागतो का, थुंकीत रगत येतं का, पाय सुजत्यात का, आजपतूर काय काय झालं. परतेक उत्तराला मार्क द्यायची, आन् शेवटी बेरीज करायची. शाळंतल्या पोरांवानी आजारी मानसांला मार्क देत्यात हे मी पयल्यांदाच बगत हुते. कशाला देत्यात ते काय मला कुनी सांगितलं न्हाई, आन् मी बी इचारलं न्हाई.

सांगितलं ते छबूबाईनं. ही केडगावची. तिचा भाऊ शेजारच्या पुरुषांच्या वॉर्डात हुता, आन् दवाखान्यातलं समदं तिला ठाऊक, निदान तिचं म्हननं तरी तसं. आवारात आमी दोघी तीन दगडांच्या चुलीवर पिठलं हाटीत हुतो, तवा ती म्हनली की मार्क जास्ती पडले की घरी धाडत्यात. एका श्रीगोंद्याच्या गड्याला लई मार्क पडले, तर त्याला गोळ्या देऊन यश्टीत बसवून दिला. कमी मार्कवाल्याचंच आपरेशन करत्यात, म्हंजे मेला-बिला तर डाक्टराचं नाव जायला नको. हे तिनं अशा थाटात सांगितलं जसं काय ती सोता मार्क देती.

मी नळावर भांडी घासायला गेल्ते, तेवढ्यात डाक्टरीनबाई भागूपाशी बसून इचारून गेली हुती. मी आले तर भागू खाटंवर बसून गालात हसत हुती. म्हनली, आत्याबाई, मला लई कमी मार्क पडले. बाई म्हनली, छान.

मी इचारलं, काय सांगितलंस गं? तर तिनं सगळं सांगितलं. झोप कशी लागती, तर म्हनं आडवी पडून ब्येस लागती. आता ही पोरगी साल झालं धान्याच्या गोनीला पाठ लावून बसल्या बसल्या रात काढती, आडवी पडली की गुदमरती. थुंकीत रगत? न्हाई. पदराला पुसलेलं रगत मी सोता धुतलंय. काम किती हुतं? सगळं हुतं, मोळी उचलते. कवा हात-पाय लुळा पडला का, बोलनं गेलं का? कवाच न्हाई.

तुमाला वाटंल पोरगी खोटारडी. तसं न्हाई ते. कोयत्यावर जानारं मानूस असंच बोलतं, त्याला दुसरं बोलताच येत न्हाई. दसऱ्याच्या आधी मुकादम घरी येतो, नवरा-बायकोला उभं करून बगतो. दोघं मिळून एक कोयता. बाई खोकली, की तो तोंड वाकडं करतो आन् म्हनतो, हा अर्धा कोयताच हाय, आमाला परवडत न्हाई. म्हनून मुकादम ओट्यावर बसला की तापानं फनफनलेली बाई बी पदर खोचून घागर उचलती. कसं काय, म्हनलं की ब्येस हाय म्हनती. भागूनं स्टुलावरच्या त्या बाईला तेच उत्तर दिलं. पसंत करायला आल्यात, तर पसंत पडायला नको का?

मी बी आधी मनात शाबासच म्हनले. मंग ते लुळ्या हाताचं आठवलं, आन् माझ्या तोंडचं पानी पळालं.

गेल्या साली फडात, सकाळच्या पारी, भागूच्या उजव्या हातातून कोयता गळून पडला. मी म्हनलं उचल की, तर ती माझ्याकडं नुसती बगाय लागली. तोंड एका बाजूला वढलेलं, आन् तोंडातून शब्दच फुटंना, नुसतं ब ब. आसारामानं तिला उचलून कोपीत आनलं. आमी दार लावून घेतलं आन् टोळीला सांगितलं, पित्तानं चक्कर आलीय. दुपारपतूर मी तिचा हात चोळत बसले. दुपारी तिनं बोटं हालवली, आन् मंग म्हनली, आत्याबाई, तान लागलीय. त्या दिवसाचं आमी तिघांनी पुन्हा नाव काढलं न्हाई. मुकादमाच्या कानावर गेलं असतं तर आसाराम जल्मभर अर्धा कोयता राह्यला असता.

हे डाक्टरीनबाईला ठाऊक पायजे का नको, ते मला कळंना. संध्याकाळी ती व्हरांड्यातल्या बाकावर च्या पीत बसली हुती. मी जवळ जाऊन आडून आडून इचारलं, बाई, हे मार्क कशापायी वो? मला वाटलं हाकलून देईल, पन तिनं मला बाकावर बसवलं. म्हनली की आतापतूर ज्यांची ज्यांची अशी आपरेशनं झाली त्या सगळ्यांची माहिती त्यांनी गोळा केली. आधी त्यांला काय त्रास हुता आन् आपरेशननंतर कुनाला काय झालं, हे शेजारी शेजारी मांडून बगितलं. त्यातनं कळलं की ज्याला अमूक हुतं त्याला नंतर तमूक हुतंय. मंग नवा पेशंट आला की आधीच अंदाज येतो, कुनाच्या फुप्फुसात पानी भरंल, कुनाची नाडी बिघडंल. त्याची तयारी करून ठेवता येती. प्राणवायूच्या नळकांड्याची खोली एकच, खाटा दोनच, तितं कुनाला ठेवायचं हे बी त्याच्यावरच.

मी म्हनलं, आन् ते हात लुळा पडायचं कशाला इचारता?

"ते सगळ्यांत महत्त्वाचं," ती म्हनली. "एकदा तसं झालेलं असलं तर काळजात रक्ताची गुठळी असण्याचा संभव असतो. डॉक्टरांचं बोट आत गेलं की ती सुटते आणि डोक्यात जाते. मग वाचा जाते, अर्धं अंग जातं. कधी माणूस उठतच नाही."

तवा माझं पाय कापाय लागलं. उठून दोन पावलं गेले आन् भिताड धरून बसले. ती म्हनली, मावशी, काय झालं? मी म्हनलं, काय न्हाई, उपास हाय. मंग धीर करून इचारलं, असल्या मानसाचं आपरेशन करत न्हाई का तुमी? ती म्हनली, काहींचं करतो, वेगळी तयारी करून. काहींचं करत नाही, धोका फार असतो. मोठे डॉक्टर ठरवतात. आन् माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हनली, तुमच्या सुनेची काळजी करू नका, सोपी केस आहे.

छबूबाईचं अर्धं खरं निघालं, आन् तेच अर्धं माझ्या मुळावर आलं. सांगावं तर पोरीला घरी धाडतील, आन् घरी ती या साली न्हाई तर पुढल्या साली गुदमरून मरनार, हे हितल्याच डाक्टरांनी सांगितलेलं. न सांगावं तर उद्या बोट आत जानार आन् गुठळी डोक्यात. माझी तर मतीच चालंना. आसारामाला गाठून सांगितलं, तर तो डोकं धरून बसला आन् म्हनला, आई, तू म्हनशील तसं. मी म्हनलं, बायको तुझी का माझी? पन त्याच्या डोळ्यांत पानी बगून पुढचं गिळलं.

मंग भागूपाशी गेले. बाईनं सांगितलेलं सगळं हळू आवाजात तिला सांगितलं, गुठळीचं सुदीक. वाटलं, घाबरंल आन् सोताच म्हनंल की सांगून टाका. ती गोधडीची शिवन उसवीत ऐकत हुती. मंग माझा हात तिनं असा धरला की बांगडी रुतली.

"आत्याबाई, घरी धाडलं तर मी मरनारच हाय," ती म्हनली. "हितं मेले तर निदान बरं व्हायला जाऊन मेले. तुमी कुनापाशी बोलायचं न्हाई. तुमाला माझी आन हाय."

भावकीतल्या बाया मला सांगत हुत्या की आसारामाचं दुसरं लगीन बगा, हे बी तिला ठाऊक हुतं. ते तिनं मला त्या दिवशी ऐकवलं. मी कुनाला व्हय म्हनले नव्हते, देवाशप्पथ, पन न्हाई म्हनून त्यांच्या झिंज्या बी उपटल्या नव्हत्या. तिची आन घेतली आन् गप राह्यले. त्या रातीला डोळ्याला डोळा लागला न्हाई, एवढंच सांगते.

सकाळी तिला हिरवा झगा घातला, येनी सोडून केस बांधले, मंगळसूत्र काढून माझ्या हातात दिलं. सुई दिली तशी तिचं डोळं जडावलं. गाडीवर घालून नेताना मी एका बाजूनं चालत हुते, आसाराम दुसऱ्या. त्या व्हरांड्याची फरशी मला पायाखाली लागत नव्हती. मनात एकच, मीच माझं नाव घेऊन म्हनत हुते, मालने, तोंड उघडू नको, आन घातलीय. लगीच दुसरं, मालने, तोंड उघड, मरंल ती. देवाचं नाव घ्यावं तर ते बी आठवंना.

आपरेशनच्या दारात नर्सनं इचारलं की हिला नंतर कुठं ठेवायचं, प्राणवायूच्या खोलीत का वॉर्डात? डाक्टरीनबाई म्हनली, वॉर्डातच. हिला मार्क काहीच नाहीत, खोलीतली खाट दुसऱ्या पेशंटला लागेल.

बगा, गुठळी-बिठळी मला दिसत नव्हती, पन वॉर्डातली ती खाट मला दिसली. एक नर्स, तीसेक पेशंट, आन् माझी भागू तोंड वाकडं करून ब ब करतीय आन् कुनाचंच लक्ष न्हाई. मी गाडीचा दांडा दोन्ही हातांनी धरला.

"थांबा," मी म्हनलं. "ती खोटं बोललीय. मागं तिचा हात गेल्ता आन् वाचा बी गेल्ती."

सगळी जागच्या जागी उभी राह्यली. भागूनं जड डोळं उघडून माझ्याकडं बगितलं. तसली नजर मी कुनाची पाह्यली न्हाई, माझ्या सासूची सुदीक न्हाई.

"आत्याबाई," ती म्हनली, "मारलंत मला."

मला वाटलं धरनी फाटावी. पन आता माघारी फिरायची सोय नव्हती. डाक्टरीनबाईनं मला बाजूच्या खोलीत नेलं, मी सगळं सांगितलं. कोयता गळाला ते, गोनीला टेकून बसती ते, पदरावरचं रगत, समदं. तिचा चेहरा उतरला. रागावंल असं वाटलं, पन तिनं वेगळंच इचारलं. म्हनली, मावशी, तुमच्याकडच्या बाकी बायका अशा प्रश्नाला खरं सांगतील का? मी म्हनलं, तुमी मुकादमावानी समोर बसून इचारलं तर एक बी सांगनार न्हाई, पसंत पडायचं असतं ना. तिनं मार्कांचा कागद पुन्हा वाचला. मंग म्हनली, नाडी आम्ही हातानं बघतो, फोटो काढतो, ते खोटं बोलत नाहीत. पण हात लुळा पडून परत आला, हे कुठल्याच मशीनला दिसत नाही, ते माणसानंच सांगावं लागतं. आन् धावत मोठ्या डाक्टरांकडं गेली.

मोठे डाक्टर उंच, पिकल्या केसांचे, कमी बोलनारे. त्यांनी भागूला पुन्हा तपासलं. सुईची गुंगी उतरेपतूर थांबले, म्हनले की हिच्याशी शुद्धीत बोलायचंय. तवर दुसऱ्या पेशंटाला आत घेतलं. मंग स्टूल न घेता भागूच्या खाटंवरच टेकून त्यांनी सगळं उघड उघड सांगितलं. भागूची बेरीज आता पार वर गेली हुती. असे मार्क पडलेल्या आधीच्या पेशंटांत थोड्यांना वाचा न्हाईतर अंग गमवावं लागलं, काही दगावले, पन बरेच जन चालत घरी गेले. आधी ठाऊक असलं तर उपाय करता येतो. बोट आत असताना गळ्याच्या शिरा दोन्ही बाजूंनी दाबून धरायच्या, म्हंजे गुठळी सुटली तरी डोक्याकडं जायला वाट मिळत न्हाई. आन् आधी काळजातनं थोडं रगत भायेर जाऊ द्यायचं, गुठळी असंल तर त्याच्याबरूबर निघून जाती. तरी खात्री न्हाई. घरी गेलात तर गोळ्या देऊ, पन झडप तशीच राहील.

आसाराम माझ्याकडं बगाय लागला, मी भागूकडं. भागू मोठ्या डाक्टरांकडं बगत हुती, आमच्या दोघांकडं न्हाई.

"घरी धाडनार न्हाई ना?" तिनं इचारलं. ते म्हनले, तू म्हणशील तर करू. ती म्हनली, करा.

दुपारच्याला तिला आत नेली. जाताना मी डोक्यावरून हात फिरवाय गेले तर तिनं मान तिकडं केली. ते माझ्या जिव्हारी लागलं. आत जर काय झालं तर तिनं माझ्याकडं पाठ करून जीव सोडला असं हुईल, हेच डोक्यात घोळाय लागलं. गळ्याच्या शिरा दाबायच्या म्हनत्यात, म्हंजे गळाच दाबायचा की. मी सांगितलं म्हनून तिचा गळा दाबतायत, असं बी मनात आलं. भीतीनं मानसाला यड लागतं. आसाराम भिताडाला डोकं टेकून बसलेला, छबूबाई च्या घेऊन आली तर मी तिच्यावर खेकसले, तुझ्या मार्कांनी माझा घात केला म्हनलं. ती बिचारी च्या ठेवून गेली.

दार उघडलं तवा उन्हं कलली हुती. मोठे डाक्टर भायेर आले, तोंडावरचं फडकं खाली केलं आन् म्हनले, झडप मोकळी झाली. गुठळी होती, रक्ताबरोबर बाहेर आली. सगळी आली का, ते ती शुद्धीवर आल्यावर कळेल. बोलली, हात-पाय हलवले, म्हणजे जिंकलो. मी त्यांच्या पायावर डोकं ठेवाय वाकले, ते मागं सरले. मला त्यांचं एवढंच ऐकू आलं हुतं, सगळी आली का.

तिला प्राणवायूच्या खोलीत ठेवली. छातीला पट्टं, नाकात नळी, उजवा हात फळीला बांधून त्यात सलाईन. तोच हात, म्हंजे हलतोय का न्हाई ते बी बगायची सोय न्हाई. डाक्टरीनबाईनं मला खाटंपाशी उभं केलं. म्हनली, ओळखीचा आवाज लागतो, तुम्ही हाक मारा.

भागूनं डोळं उघडलं. मला बगितलं. मी म्हनलं, भागे. काय न्हाई. डाक्टरीनबाई म्हनली, भागूबाई, नाव सांगा बरं. ती गप. डावा हात वर करा. गप. तुम्ही कुठं आहात? गप. पायाला टोचलं तर तिनं पाय वढून घेतला, ते बगून बाई जरा निवळली. पन लगीच म्हनली, पाय ठीक आहे, वाचा एकटी पण जाऊ शकते. तिनं नर्सला मोठ्या डाक्टरांना बोलवायला धाडलं. तिच्या कपाळावर घाम आल्ता. जे आधीच्या मानसांच्या माहितीवरनं भाकीत केलं हुतं, ते डोळ्यांम्होरं खरं हुतंय असं तिला वाटलं, आन् मला तर काय वाटायचं राह्यलंच न्हाई. मी भागूच्या व्होटांकडं बगत हुते. ब तरी म्हन गं. नुसतं ब म्हन.

"भागे, माझे बाई," मी म्हनलं, "एक शब्द बोल. मला शिव्या दे, पन बोल."

तिनं डोळं मिटून घेतलं.

मला रडू आवरंना. बाईनं मला धरून भायेर काढलं. म्हनली, पेशंटसमोर नको, आणि तिच्या नवऱ्याला आत पाठवा. आसाराम आत गेला. मी दाराच्या भायेर भुईवर बसले आन् पदर तोंडात कोंबला, म्हंजे आवाज आत जायला नको. दार पुरतं लागलं नव्हतं. आत आसाराम नुसता हुंदकं देत हुता, गाढव, तिच्याशी बोलायचं सोडून.

मंग आतनं आवाज आला. बारीक, घसा खरवडून निघावा तसा.

"रडू नका. पानी द्या."

माझं हुंदकं जागच्या जागी थांबलं. डाक्टरीनबाई घाईघाईनं म्हनली, भागूबाई, मघाशी का नाही बोललात? नाव सांगा. भागूनं नाव सांगितलं. गाव सांगितलं. बोटं हलवा म्हनल्यावर बांधलेल्या हाताची बोटं बी हलवली असावीत, कारन बाई हसली. मंग भागू दम खात खात म्हनली, "त्या भायेर हायेत का?"

आसाराम म्हनला, हाय.

"त्यांना सांगा, मी त्यांच्याशी बोलनार न्हाई. माझी आन मोडली त्यांनी."

डाक्टरीनबाई दारात आली. चष्मा काढून पुसत उभी राह्यली. म्हनली, मावशी, डोक्यात गुठळी नव्हती हो, रुसवा होता. तिला हसू आवरंना. मोठे डाक्टर धावत जिन्यावरनं वर येत हुते, त्यांना तिनं हातानंच सांगितलं की काय न्हाई, बोलती.

मी उठून आत गेले. भागूनं मला बगितलं आन् तोंड भिताडाकडं फिरवलं. मान पुरती वळत नव्हती, टाक्यांना ताण बसून कळ आली आसंल, तरी फिरवलं. मी खाटंच्या पायथ्याशी बसले. तिचा राग व्होटांपतूर यायचा, व्होट सरळ मिटायचं, कुठंच वाकडं नव्हतं. पुढं दिवाळी गेली, कोपीवर आसाराम एकटाच अर्धा कोयता म्हनून राबला, भागू गावी माझ्याजवळ राह्यली, आन् एकाच चुलीम्होरं बसून ती शेजारच्या पोरींशी, कुत्र्याशी, म्हशीशी बोलायची, माझ्याशी न्हाई. मी म्हनायची, नको बोलू. तुझा आवाज तर मी ऐकतीया.